सोलापुरात पोलीस केसमध्ये हक्कासाठी भांडणारा वकील कसा असावा: आमचा अनुभव

रेटिंग द्यायचं तर पाचपैकी साडेचार. अर्धा स्टार कशासाठी कापला ते खाली लिहिलंय. वकील मॅडमचं नाव मुद्दाम टाकलेलं नाही, कारण बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे वकिलाला जाहिरात करायला बंदी आहे, आणि मी रिव्ह्यू लिहिणार म्हटल्यावर त्यांनीच सांगितलं की लिहायचं ते कामाबद्दल लिहा, माझं नाव नको. म्हणून कामाबद्दलच लिहितो. सोलापुरात क्रिमिनल वकील भरपूर आहेत, चांगलेही आहेत, पण पोलिसांनी माणसाला बेकायदा बसवून ठेवलं, मारलं, नातेवाईकांना कळवलं नाही, तडीपारीची नोटीस काढली, मोर्चाला परवानगी नाकारली, असल्या कामात मुरलेला माणूस शोधायला गेलं की लवकर कुणी सापडत नाही.

माझ्या भाच्याला पोलिसांनी ठाण्यात बसवून ठेवलं म्हणून आम्ही वकील शोधायला लागलो, तेव्हा एका नातेवाईकाने विचारलं की बॅरिस्टर बघू का एखादा, मानवाधिकारवाला. तर आपल्याकडे बॅरिस्टर असा वेगळा वकील आता नसतो. इंग्लंडमध्ये बॅरिस्टर आणि सॉलिसिटर वेगळे असतात, बाबासाहेब तिकडून बॅरिस्टर होऊन आले होते, पण १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टनंतर इथं सगळे अॅडव्होकेटच, आणि ज्याच्याकडे सनद, म्हणजे वकिलीचा परवाना आहे तो कुठलीही केस लढू शकतो. त्यामुळे स्पेशालिस्ट हा शब्द बोर्डावर बघून विश्वास ठेवायचा नाही, आधी कुठल्या केसेस केल्यात ते विचारायचं. दुसरं असं की गाडीवर मानवाधिकार लिहिलेली पाटी, गळ्यात लाल-निळं आयकार्ड, पदाधिकारी म्हणून फिरणारे लोक गावोगाव आहेत. आमच्याकडे पण एक जण आला होता, म्हणाला आमचं कार्ड काढा, ठाण्यात दाखवलं की पोरगं सोडतात. असल्या कार्डाला कायद्यात काडीची किंमत नाही. खरा मानवी हक्क आयोग सरकारी आहे, तो कार्डं वाटत फिरत नाही आणि तक्रारीला एक रुपया फी घेत नाही. कुणी पैसे मागितले की तिथून उठायचं. वकील असेल तर सनद नंबर विचारायचा, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचा असतो, खरा वकील बिनधास्त सांगतो.

आता आमचं काय झालं ते. माझा भाचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. तिथल्याच एका कामगाराचा मोबाईल गेला, त्याची तक्रार झाली, आणि संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर भाच्याला फोन आला की जरा ठाण्याला येऊन जा, स्टेटमेंट घ्यायचंय, दहा मिनिटांचं काम आहे. कुठलं ठाणं ते लिहीत नाही, केस चालू आहे. पोरगं गेलं ते परत आलंच नाही. बहीण तिथं गेली तर तिला बाहेरच्या बाकड्यावर बसवलं, आत चौकशी चालू आहे, सकाळी या. अटक केली का विचारलं तर नाही म्हणाले. मग सोडा म्हटलं तर ते पण नाही. कागद काही नाही. वरून निघताना एक पोलीस म्हणाला की उद्या येताना आजोबांना पण घेऊन या, त्यांचा जबाब घ्यायचाय, आणि तुम्ही पण या. आजोबांचं वय सत्तरच्या पुढं.

ओळखीतल्या एका युनियनवाल्या अण्णांनी मॅडमचा नंबर दिला. रात्री उशीर झाला होता तरी फोन उचलला. आणि इथंच मला फरक कळाला. याच्या आधी ज्या वकिलाला फोन केला होता ते म्हणाले, सकाळी कोर्टात आणतील तेव्हा बघू, जामीन करून देतो. मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, पोरगा आत किती वाजता गेला. मग, बोलावणं कुणी केलं, कुठल्या नंबरवरून, कॉल लॉगचा स्क्रीनशॉट काढलाय का. कुठल्या कागदावर सही घेतली का. त्याला काही आजार आहे का, गोळ्या चालू आहेत का. बहिणीला आत भेटू दिलं का, भेटली तेव्हा तो नीट चालत होता का. शेवटचा प्रश्न ऐकून बहीण रडायलाच लागली, कारण तिला लांबून दिसलं होतं की तो भिंतीला धरून उभा आहे. मॅडम थांबल्या, तिला रडू दिलं, मग म्हणाल्या, अक्का, हे जे सांगितलात ते आत्ता लिहून काढायचं, सकाळी लिहिलं तर त्याची किंमत अर्धी होते.

तिथून अर्ध्या तासाच्या आत व्हॉट्सअॅपवर अर्जाचा मसुदा आला, साध्या मराठीत. अमुक वाजता माझ्या मुलाला फोन करून बोलावलं, तो अजून आत आहे, अटक केल्याचं सांगितलेलं नाही, कारण सांगितलेलं नाही, भेटू दिलेलं नाही, अटक असेल तर अटकेची कारणं लेखी द्या, नसेल तर सोडा. खाली तारीख आणि वेळ. म्हणाल्या, वेळ विसरायची नाही, या अर्जात वेळच सगळं आहे. दोन कॉप्या काढा, एक द्या, दुसरीवर पोच घ्या, शिक्का आणि सही. ठाणे अंमलदार पोच देईना, साहेब नाहीत म्हणे. बाहेर येऊन फोन केला तर त्या जरा पण चिडल्या नाहीत, म्हणाल्या मला माहीतच होतं, आता हाच अर्ज ठाण्याच्या आणि वरच्या अधिकाऱ्यांच्या ईमेलवर टाका, पत्ते मी पाठवते, ईमेलला आपोआप वेळ पडते, ती कुणाला खोडता येत नाही. आणि शांत राहा, आवाज चढवायचा नाही, व्हिडिओ काढून इन्स्टाला टाकायचा नाही, नाहीतर सरकारी कामात अडथळा म्हणून दुसरीच केस होते. माझा मोठा पोरगा मोबाईल काढूनच उभा होता, त्याला खिशात ठेवायला लावला.

आणि आजोबांचा विषय तर एका वाक्यात संपवला. साठच्या वरच्या माणसाला आणि कुठल्याही बाईला साक्षीदार म्हणून जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं, नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७९ मध्ये लिहिलंय. जुन्या सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत, ते १६० होतं. आणि बोलावणं लेखी पाहिजे, फोनवरचं दहा मिनिटांचं काम ही नोटीस नव्हे. आरोपी म्हणून बोलवायचं असेल तर कलम ३५(३) ची नोटीस वेगळी, ती पण नुसती व्हॉट्सअॅपवर पाठवून चालत नाही, सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२५ मध्ये तसं स्पष्ट सांगितलंय. इतक्या वर्षांत आमच्या गल्लीत किती म्हातारी माणसं तासनतास ठाण्याच्या बाकड्यावर बसलेली मी बघितलीत, कुणालाच हे माहीत नव्हतं.

सकाळी मॅडम स्वतः ठाण्यात आल्या. मोठ्यानं बोलल्या नाहीत, दम दिला नाही, नमस्कार साहेब म्हणून खुर्चीवर बसल्या आणि अटक पंचनामा बघायला मागितला. त्यात अटकेची वेळ सकाळची टाकलेली. म्हणजे पोरगं रात्रभर आत होतं ते हवेतच. तिथं वाद घातला नाही, फक्त त्याच्यावर नातेवाईक म्हणून बहिणीची सही घेत होते तेव्हा तिला सांगितलं की सहीच्या खाली स्वतःच्या हातानं लिहा, मुलगा काल संध्याकाळपासून इथंच आहे, आणि वेळ टाका. बहीण सातवी शिकलीय, हात थरथरत होता, ओळ तिरकी गेली, पण लिहिलं. साहेबांच्या कपाळावर आठी पडली ती मी बघितली. ती तिरकी ओळ पुढं कोर्टात वाचली गेली.

कोर्टात मला वाटलं होतं भाषण होईल. काहीच नाही. मॅडम उभ्या राहिल्या आणि चार-पाच वाक्यांत संपवलं. गुन्हा साध्या चोरीचा, शिक्षा तीन वर्षांपर्यंत, सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात उठसूट अटक करायची नाही हे सुप्रीम कोर्टाच्या अर्नेश कुमार केसमध्ये २०१४ सालीच ठरलंय, मग नोटीस का दिली नाही. अटकेची कारणं लेखी दिलेली नाहीत, आणि ती आरोपीला कळेल अशा भाषेत, रिमांडला उभं करायच्या निदान दोन तास आधी मिळाली पाहिजेत असं सुप्रीम कोर्ट म्हणतंय, आणि ती केस पण महाराष्ट्रातलीच, नोव्हेंबर २०२५ ची. मग रात्रीचा ईमेल दाखवला. चोवीस तास मोजायचे ते माणूस अडकल्यापासून, स्टेशन डायरीत नोंद केल्यापासून नव्हे. शेवटी न्यायाधीशांना विनंती केली की आरोपीला तुम्ही स्वतःच विचारा, काही त्रास दिला का. पोरगं आधी गप्पच. मग चप्पल काढून पाय वर केला. तळपाय सुजून निळे पडले होते.

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं, सिव्हिल हॉस्पिटलला परत मेडिकलचा आदेश दिला, पोलिसांनी पीसीआर (पोलीस कोठडी) मागितला होता तो नाकारला आणि एमसीआर (न्यायालयीन कोठडी) दिला. जामिनाचा अर्ज तयारच होता, जातमुचलक्यावर सुटका झाली. मेडिकल रिपोर्टची कॉपी आरोपीला किंवा त्यानं सांगितलेल्या माणसाला मिळायला पाहिजे, हे पण मॅडमनीच मागून घेतलं, आम्हाला त्यातलं काही माहीत नव्हतं.

आता चोरीची केस चालू आहे, तिच्याबद्दल काही लिहीत नाही, कोर्ट काय ते ठरवेल. मला सांगायचंय ते एवढंच की अशा वकिलाचं खरं काम कोर्टात उभं राहायच्या आधी होतं. रात्रीचा तो अर्ज, तो ईमेल, ती तिरकी ओळ, हे नसतं तर कोर्टात कितीही चांगलं बोलून काय उपयोग होता, पोलिसांच्या कागदावर सकाळची वेळ होती आणि आमच्याकडे नुसतं तोंड होतं. म्हणून तुम्ही वकील निवडताना हेच बघा, फोनवर तुम्हाला वेळ विचारतो का नाही, कागद करायला लावतो का नाही. माझी ओळख आहे, साहेबांशी बोलतो, सेटिंग करतो म्हणणारा वकील या कामाचा नाही. ओळखीनं पोरगं कदाचित लवकर सुटेल पण मग मारलं त्याचं काय, ते तिथंच मिटतं.

नंतर ऑफिसला गेलो तेव्हा निवांत बोलणं झालं. ऑफिस कोर्टापासून चालत जाण्यासारखं, जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर, जिना अरुंद आणि उभा, गुडघे दुखणाऱ्यांनी जपून जा. आत एक टेबल, दोन कपाटं, आणि भिंतीवर कार्डबोर्डला चिकटवलेली डी. के. बासू केसमधली अटकेची नियमावली, मराठीत टाईप केलेली. ही १९९६ ची सुप्रीम कोर्टाची केस, पोलिसांच्या छातीवर नावाची पट्टी पाहिजे, अटकेचा कागद साक्षीदाराच्या सहीनं करायचा, नातेवाईकाला कळवायचं, दर अठ्ठेचाळीस तासांनी मेडिकल, अशी अकरा कलमं. त्यातलं बरंचसं आता कायद्यातच आलंय. बसलेल्या प्रत्येक माणसाला वाचता येईल अशा जागी ते लावलंय, आणि वाट बघणारी माणसं खरंच वाचत बसतात, मी बघितलं.

आमच्या आधी एक पूर्व भागातली विडी कामगार बाई बसली होती, बोटांना तंबाखूचा रंग लागलेला, मांडीवर कागदांची पिशवी. तिच्या पोराला तडीपारीची नोटीस आलेली. मॅडम तिच्याशी तेलुगूत बोलत होत्या. नोटीस मराठीत, बाईला मराठी बोलता येतं पण सरकारी मराठी कळत नाही, कुणाला कळतं म्हणा. मॅडमनी एकेक ओळ वाचायची, तेलुगूत सांगायची, आणि विचारायचं हे खरं आहे का. एका ठिकाणी गुप्त साक्षीदारांचे जबाब आहेत असं होतं, बाई म्हणाली कोण आहेत ते, नाव सांगा, मी विचारते त्यांना. मॅडमनी तिला समजावलं की नाव कळणार नाही, पण जबाबात आरोप काय आहे त्याचा मथितार्थ आपल्याला कळलाच पाहिजे, नाहीतर उत्तर कशाचं द्यायचं, आणि तारखा-ठिकाण मोघम असतील तर तेच आपण लिहायचं. तडीपारी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली होते, जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि आदेश झाला तर तीस दिवसांत सरकारकडे अपील करता येतं. हे तीस दिवस लोक घालवून बसतात, पोरगं गपचूप कुठंतरी पाहुण्याकडे जाऊन राहतं, कामधंदा सुटतो. बाईला मॅडमनी तारीख कागदावर मोठ्या आकड्यात लिहून दिली आणि म्हणाल्या, अम्मा, ही देवघरात लावा.

सोलापुरात असं काम करायचं म्हणजे मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी सगळं यायला पाहिजे हे मला तिथं बसून पटलं. एका माणसाशी फोनवर कन्नडमध्ये बोलल्या, माझ्या पोराला सोलापुरी मराठीत म्हणाल्या, काय करलालास, शिकलालास का काम. पोरगं एकदम मोकळं झालं. ज्याला मारलंय तो माणूस स्वतःच्या भाषेतच खरं सांगतो. भाच्यानं आम्हाला घरी काहीच सांगितलं नव्हतं, तिथं सांगितलं.

आणि एक गोष्ट. आपलं गाव चार हुतात्म्यांचं गाव म्हणून आपण अभिमानानं सांगतो. मे १९३० मध्ये इथं मार्शल लॉ लागला, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. दरवर्षी हार घालतो. त्याच गावात २१ वर्षांच्या पोराला रात्रभर बसवून ठेवलं तर आजूबाजूचे म्हणतात, काहीतरी केलं असेल म्हणूनच नेलं असेल. आमच्या घरच्यांना पण शेजाऱ्यांनी हेच ऐकवलं. मला याचा फार राग आला, अजून आहे.

फीचं सांगतो, कारण सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच. पहिल्या भेटीचे पैसे घेतले नाहीत. रिमांड आणि जामीन मिळून बारा हजार सांगितले, दोन टप्प्यांत घेतले, पावती दिली. बाकी वकीलपत्र, तिकिटं, झेरॉक्स किरकोळ. पण पैसे घ्यायच्या आधी त्यांनी जे सांगितलं ते मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही. म्हणाल्या, कस्टडीत असलेल्या माणसाला उत्पन्न कितीही असलं तरी सरकारी खर्चानं वकील मिळतो, कोर्टातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथं अर्ज करा, मला पैसे द्यायचे नसतील तर अजिबात वाईट वाटणार नाही. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, कारखान्यातले कामगार यांनाही उत्पन्नाची अट नाही. १९८७ चा कायदा आहे. १५१०० हा हेल्पलाईन नंबर, फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. आम्ही विचार करून मॅडमकडेच राहिलो कारण रात्रीपासूनचं सगळं त्यांना माहीत होतं, पण ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यानं सावकाराकडं जायची गरज नाही एवढं कळलं. आणि केस जिंकली की भरपाईतले इतके टक्के मला, असं कुणी वकील म्हणाला तर सरळ नाही म्हणा, तसं करायला वकिलाला परवानगीच नाही.

मारहाणीचं पुढं काय, तर दोन रस्ते धरलेत. एक, राज्य मानवी हक्क आयोग, मुंबईला आहे, घटनेपासून वर्षाच्या आत तक्रार करावी लागते, वकील लागतोच असं नाही, साध्या मराठीत लिहून पाठवता येते. मॅडमनी आधीच सांगितलं की आयोग शिफारस करतो, भरपाई द्या म्हणतो, कारवाई करा म्हणतो, पण तो स्वतः कुणाला जेलमध्ये टाकत नाही, आणि वेळ लागतो, म्हणून फार आशा धरून बसू नका पण सोडू पण नका. दोन, ठाण्यातलं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा असा अर्ज. २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सगळ्या ठाण्यांत कॅमेरे लावायला आणि रेकॉर्डिंग अठरा महिने, तशी यंत्रणा बाजारात मिळतच नसेल तर निदान वर्षभर, ठेवायला सांगितलंय. हा अर्ज जामिनाच्या दुसऱ्याच दिवशी दिला. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही, आलं की इथं अपडेट करतो.

फुटेज दिलंच नाही तर हायकोर्टात रिट (सरकारी यंत्रणेविरुद्धचा अर्ज) करावं लागेल, त्याची फी वेगळी, ती त्यांनी अंदाजे सांगितली आणि मुद्दाम म्हणाल्या की आत्ता लगेच करू नका, आधी उत्तराची वाट बघू. आता हायकोर्टासाठी मुंबईला चारशे किलोमीटर जायची गरज राहिली नाही ही मोठी सोय झालीय. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच चालू झालंय, त्यात सोलापूर पण आहे. मंगळवेढा-सांगोला-मिरज करत सकाळी निघालं की रात्री घरी परत. आधी रिट म्हटलं की मुंबईचा वकील, तिथलं राहणं, प्रत्येक तारखेला रेल्वे, गरीब माणूस नावच काढायचा नाही. पोलीस केसच्या माणसाला हेबियस कॉर्पस, म्हणजे डांबून ठेवलेल्या माणसाला कोर्टापुढं हजर करा असा अर्ज, जवळ करता येणं म्हणजे काय ते ज्याचं पोरगं आत आहे त्यालाच विचारा.

आता अर्धा स्टार का कापला. दिवसा फोन लागत नाही. कोर्टात असतात हे मान्य, पण अकरा ते पाच कितीही महत्त्वाचं काम असू दे, मेसेज टाकून वाट बघायची. ज्युनिअर आहेत ते हुशार आहेत पण तुटक बोलतात, आधीच घाबरलेल्या माणसाला तो स्वर सहन होत नाही, बहिणीला दोनदा वाईट वाटलं. आयोगाच्या तक्रारीचा मसुदा पण फारच उशिरा मिळाला, आज देते उद्या देते चाललं होतं. मी हे त्यांना तोंडावर सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाल्या एकटीवर काम जास्त आहे, हाताखाली अजून माणूस घेतेय. बघू.

अजून एक, त्या सगळ्या केसेस घेत नाहीत. आम्ही बसलो असताना एक माणूस आला, भाडेकरूला घराबाहेर काढायचंय, पोलिसांकडून जरा दम द्यायला लावता येईल का, असं विचारत होता. त्याला चहा पाजून दुसरा सिव्हिल वकील सुचवला आणि पोलिसांचं डोक्यातून काढा म्हणून सांगितलं. जमिनीचे वाद, घटस्फोट, चेक बाउन्स यासाठी इथं जाऊ नका. पोलिसांनी उचललंय, बसवून ठेवलंय, एफआयआर घेत नाहीत, तडीपारीची नोटीस आलीय किंवा एमपीडीएखाली (धोकादायक ठरवून खटल्याशिवाय आत ठेवायचा राज्याचा कायदा) कारवाई झालीय, आंदोलनात गुन्हा दाखल झालाय, लॉकअपमध्ये मारलंय, यासाठी जा. एफआयआर घेत नसतील तर आधी वरिष्ठांना लेखी, मग मॅजिस्ट्रेटकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली अर्ज, हे पण त्या नीट करून देतात, आमच्या कारखान्यातल्या एकाचं केलंय.

जाताना हे सोबत न्या. आधार, कॉल लॉगचे स्क्रीनशॉट, ठाण्यात दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच, जखमांचे फोटो काढले असतील तर ते मूळ फोनमध्ये तसेच, व्हॉट्सअॅपवरून फॉरवर्ड झालेले नकोत. सिव्हिलचे केसपेपर. आणि काय काय कधी झालं ते एका कागदावर वेळेसकट लिहून न्या, नाहीतर त्या आधी तेच लिहायला बसवतात. संध्याकाळी सहानंतर ऑफिसला भेटतात, रविवारी बंद. माणूस आत असेल तर मात्र वेळ बघू नका, रात्री पण फोन करा, तो फोन त्या उचलतात.